चार ठिपके आणि कोरडं दिसणारं हेड: जुनी डिझेल थार घेतानाचं एक प्रकरण

गाडी २०१४ ची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल), फोर बाय फोर, कापडी टपाची. मीटरवर १,०८,४०० किलोमीटर, दुसरा मालक, गाडी वाईत उभी, मागणी ६ लाख २५ हजार. घेणारा पुण्याचा. त्याचं वेल्ह्याकडे शेत आहे आणि पावसाळ्यात वाटेत दोन ओढे लागतात, म्हणून फोर बाय फोर हवी होती. फोनवर गळतीबद्दल विचारल्यावर विकणाऱ्याने सांगितलं, "अहो दादा, डिझेल गाडी म्हटलं की थोडं ऑइल सुटणारच. पाण्याचा मात्र काही विषयच नाही."

झालं नेमकं उलटं. ऑइलच्या चारपैकी तीन गळत्या मिळून ९,२०० रुपयांत मिटल्या, एक तशीच सोडून दिली. पाण्याच्या कामाला ६२,५०० लागले, आणि पाण्याचा एक थेंबही गाडीखाली पडलेला नव्हता.

पहिल्या पिढीची थार ऑक्टोबर २०१० मध्ये आली आणि २०२० मध्ये नवी थार येईपर्यंत विकली गेली. सीआरडीईला २४९८ सीसीचं चार सिलिंडरांचं टर्बो इंजिन, १०५ बीएचपी, २४७ न्यूटन-मीटर. पुढे टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे आणि अखंड एक्सल. गळती शोधताना यातली एक गोष्ट डोक्यात ठेवायची. या गाडीत तेलाचे मोठे साठे पाच आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल आणि मागचा डिफरन्शियल (एक्सलवरच्या गिअरच्या पेट्या). प्रत्येक साठ्याची सीलं वेगळी, तेल वेगळं आणि दुरुस्तीचा खर्चही वेगळा. "ऑइल गळतंय" एवढ्यावर भाव करायला बसलं की फसगत ठरलेली.

गाडी बघण्याआधी दोन अटी घातल्या होत्या: आदल्या रात्रीपासून चालू करायची नाही आणि धुवायची नाही. पहिली पाळली गेली. दुसरी नाही. इंजिनवर डिझेल मारून वरून प्रेशरचं पाणी मारलेलं होतं, रबराच्या नळ्यांना पॉलिशसुद्धा. यात लबाडी असेलच असं नाही, विकायची गाडी लोक धुऊन पुसूनच उभी करतात. पण जुन्या खुणा त्यात वाहून जातात. अशा वेळी पाण्याचा फवारा जिथे पोचत नाही तिथे बोट घालायचं: चासीच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर, आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लचच्या कवचाच्या, वरच्या कडेवर, इंजिन आणि फायरवॉलच्या मधल्या बोळात. इथे या तिसऱ्या जागी बोटाला काळं, चिखल मिसळलेलं, लोण्यासारखं घट्ट तेल लागलं. म्हणजे तेल कित्येक महिने वरून खाली येत होतं. ही खूण पुढे कामाला आली.

थंड इंजिनची तपासणी

बॉनेटखाली हात लावून इंजिन खरंच गार आहे याची खात्री करून घेतली आणि मगच पाण्याचं दाबाचं झाकण उघडलं. गरम असताना ते उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताक्षणी उकळून अंगावर येतं.

आतलं कुलंट पोपटी, स्वच्छ, अगदी नवं. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत कोरं कुलंट दिसलं तर आनंद मानायच्या आधी विचारावं की जुनं का काढलं. कुलंटच्या बाटलीच्या आतल्या भिंतीवर पातळीच्या रेषेला विटकरी रंगाचा कडक थर होता, ओढ्याच्या पाण्याने दगडावर रेघ सोडावी तसा. रबराच्या नळीच्या तोंडात बोट फिरवल्यावर त्याच रंगाची बारीक, किरकिरीत पूड लागली. पूर्वी बराच काळ या गाडीत कुलंटऐवजी साधं, बहुधा बोअरचं पाणी होतं, आणि मध्येच कुणीतरी गळती बुजवणारी पावडर किंवा बाटलीतलं औषध ओतलं होतं. पूड रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते. ज्या भोकासाठी ती घातली तिथे ती थोडी बसते आणि बाकीची सगळीकडे.

पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. डिपस्टिकवरचं ऑइल काळं, पण दुधाळ नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण तीन-चार बार असतो, पाण्याचा एक बारच्या आसपास. त्यामुळे ऑइल कूलर फाटला की चालत्या गाडीत आधी ऑइल पाण्यात जातं आणि बाटलीत काळपट साय दिसते. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पाण्याचा मात्र तासभर टिकतो. तेव्हा पाणी ऑइलमध्ये उतरतं. दोन्हीकडे स्वच्छ दिसलं याचा अर्थ ऑइल आणि पाण्यामधली भिंत शाबूत आहे, इतकाच. सिलिंडर आणि पाण्यामधली भिंत हे वेगळं प्रकरण, त्याचं उत्तर डिपस्टिक देत नाही. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळट मलई दिसली म्हणून लगेच हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलं असंही म्हणू नये. पावसाळ्यात रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वाफ तिथे थिजते. डिपस्टिकवरही मलई असेल तर मात्र गाडी तिथेच सोडून यावी.

गाडी चालू झाली ती पहिल्या सेल्फला. पांढरा धूर पाच-सात सेकंद आला, डोळ्यांना झोंबणारा. न जळलेल्या डिझेलचा धूर असाच झोंबतो. पाण्याची वाफ झोंबत नाही, हवेत चटकन विरते आणि कुलंट जळत असेल तर गोडसर वास येतो.

चार ठिपके

गाडीखाली खोक्याचे पुठ्ठे कापून सलग अंथरले, वर चाकांच्या जागा पेनाने आखल्या. वीस मिनिटं इंजिन चालवलं, पंधरा मिनिटं बंद ठेवलं. पुठ्ठ्यावर चार ठिपके. डाव्या पुढच्या सीटखालच्या भागात स्वच्छ पाणीही पडलं होतं, पण ते एसीचं. बोटाला चिकटत नाही, वास नाही, विषय संपला.

पहिला ठिपका बेल हाउसिंगखाली: काळा, इंजिन ऑइलच्या वासाचा, रुपयाच्या नाण्याएवढा. दुसरा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या जोडाखाली: मधासारखा रंग, कुजक्या लसणासारखा गंधकाचा वास. गिअर ऑइलचा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तिसरा मागच्या डिफरन्शियलच्या नाकाखाली, जिथे प्रोपेलर शाफ्ट येऊन मिळतो. चौथा इंजिनच्या पुढच्या उजव्या बाजूला, अगदी लहान.

विकणाऱ्याच्या बाजूचा दलाल इथे पटकन बोलला: "बेल हाउसिंगचं म्हणजे क्रँकचं मागचं सील. सील दोन-चारशेचं आहे साहेब. पंधरा हजार कमी करतो, विषय संपवा." घेणारा जवळजवळ तयार झाला होता. सील स्वस्तच असतं, पण तिथे पोचायला गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही खाली घ्यावे लागतात. मजुरी मोठी, आणि एवढं उघडल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तसंच परत बसवायला कुणाचा हात धजत नाही. पंधरा हजारांत ते बसलं नसतं. मुळात निदानच चुकीचं असेल तर ते पैसे वायाच जाणार होते.

बेल हाउसिंगखालून टपकणारं तेल चार ठिकाणांहून येऊ शकतं: क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, ऑइल चेंबरच्या पॅकिंगचा मागचा कोपरा, किंवा थेट वरून टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) आणि टर्बोच्या ऑइल रिटर्न पाइपमधून. तेल खाली वाहतं, हे सांगायला नको. तरी गळतीची जागा ठरवताना बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. जिथे टपकतं ती गळतीची जागा नसून सगळ्यांत खालचं टोक असतं. शोध नेहमी वरून सुरू करायचा.

घेणाऱ्याच्या मिस्त्रीने इंजिनचा मागचा भाग ब्रेक क्लीनरने धुतला, हवा मारून सुकवला आणि टॅपेट कव्हरच्या कडेवर, हेडच्या मागच्या भिंतीवर आणि टर्बोच्या रिटर्न पाइपच्या जोडावर साधी टाल्कम पावडर फुंकली. गावातून दहा किलोमीटरची फेरी. परत आल्यावर टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घालून पाहिलं: टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून पांढऱ्या पावडरवर बोटभर रुंदीची काळी रेघ सरळ खाली बेल हाउसिंगच्या कडेपर्यंत गेलेली. टर्बोचा पाइप कोरडा. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून कानकोरणीवर कापूस गुंडाळून आत फिरवला, तो कोरडा आणि फक्त क्लचच्या धुळीने काळा. क्रँकचं सील शाबूत. सकाळी लावलेल्या बोटाचं म्हणणंही तेच होतं.

कव्हरच्या त्या कोपऱ्यावर राखाडी सिलिकॉनचा जाड थर होता. कुणीतरी गॅस्केट न बदलता वरून लिंपलं होतं. एम-सील, सिलिकॉन, शेलॅक यांचा बाहेरून दिलेला लेप कुठेही दिसला तर तिथे नखाने खरवडून बघावं. चालू इंजिनचं तेल आतून दाब देत असतं, बाहेरून लावलेला लेप त्याच्यापुढे फार दिवस टिकत नाही.

पण गॅस्केटनं जागा का सोडली? क्रँककेसमध्ये पिस्टनच्या रिंगांवरून थोडा गॅस प्रत्येक डिझेल इंजिनात उतरतोच, आणि तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर जातो. नळी तुंबली की हा गॅस सीलांवर आणि पॅकिंगवर दाब देतो आणि तेलाला बाहेर ढकलतो. ऑइल भरायचं झाकण काढून धूर बघणे ही चाचणी ढोबळ आहे, त्यातून रिंगा गेल्या की ब्रीदर तुंबला हे कळत नाही. त्याऐवजी डिपस्टिकच्या नळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवली, तिचा इंग्रजी यू करून अर्धी पाण्याने भरली आणि दुसरं टोक उघडं ठेवलं. गाडी निष्क्रिय गतीवर: दोन्ही बाजूंच्या पाण्यात ९ सेंटिमीटरचा फरक. ब्रीदरची नळी काढून बाहेर मोकळी सोडली: फरक २ सेंटिमीटरवर. नळी सोडल्यावर दाब पडला म्हणजे रिंगा ठीक, दोष नळीत. पडला नसता तर गॅस नळीला पेलवणार नाही इतका येतोय असा अर्थ झाला असता, आणि तिथे इंजिन बांधायचा खर्च डोळ्यांसमोर आणावा लागला असता. नळीच्या आत डांबरासारखा गोळा निघाला. पुढच्या उजव्या बाजूचा चौथा ठिपका याच दाबाचा भाऊबंद: ऑइल फिल्टरच्या रबराची कड किंचित बसलेली होती.

जोडाखालच्या गिअर ऑइलचं प्रकरण साधं निघालं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मध्ये आतल्या बाजूला सील असतं. ते गेलं की बाहेर काहीही न दिसता एका पेटीतलं तेल दुसरीत जातं. म्हणून दोन्हीकडचे भरायचे बूच उघडून करंगळी वाकवून पातळी बघायची. एकीकडे तेल ओसंडत असेल आणि दुसरीकडे बोटाला लागतच नसेल तर आतलं सील गेलेलं. इथे दोन्ही पातळ्या बुचाच्या काठाला लागून होत्या. फक्त जोडाच्या पॅकिंगमधून घाम. यावर काहीच करायचं नाही असं ठरलं. रात्रीत एक थेंब सुटणाऱ्या जोडासाठी ट्रान्सफर केस उतरवणं म्हणजे फोडणीसाठी चुलीला आग लावायची आणि घर जाळायचं.

बूच उघडतानाचा एक नियम: आधी वरचं भरायचं बूच सैल होतंय का ते बघायचं, मगच खालच्या बुचाला पाना लावायचा. वरचं गंजून अडकलेलं असेल आणि खालून तेल काढून टाकलेलं असेल तर गाडी तिथेच उभी.

मागच्या डिफरन्शियलकडे जास्त वेळ दिला. त्याच्या नाकाचं, म्हणजे पिनियनचं सील, ओलं होतं आणि एक्सलच्या ब्रीदरच्या टोपीत लाल माती ठासलेली. ओढ्यात उतरणाऱ्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं. गाडी तासभर चालून एक्सल तापतो, आतली हवा फुगते. मग ती गार पाण्यात उतरते, हवा आकसते आणि ब्रीदर बंद असल्यामुळे एक्सल सीलांच्या फटीतून पाणी आत ओढतो. उलट बाजूने, पाण्यात न जाता नुसती तापली तर फुगलेली हवा तेलाला बाहेर ढकलते. म्हणजे सील जुनं असेल किंवा नसेल, टोपी तुंबलेली आहे तोवर नवं सीलही ओलं होणार. रात्रभर उभी असलेल्या गाडीत पाणी तळाशी बसतं, म्हणून खालचं बूच दोन आटे सैल करून पहिला चमचाभर द्रव पारदर्शक वाटीत घेतला. आधी पाण्याचे थेंब, मग कॉफीत दूध पडल्यासारखं तेल. बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लुसलुशीत थर होता, चकत्या किंवा कणी नव्हत्या. शाफ्ट धरून हलवला तर पिनियनला वरखाली खेळ नाही. ताशी ५० ते ७० च्या दरम्यान पाय सोडल्यावर घूंऽ असा सूरही नाही. बेअरिंग वाचली होती.

पिनियनचं सील बदलणं म्हणजे नट काढून नवं सील ठोकणं, असं समजू नये. अनेक डिफरन्शियलमध्ये बेअरिंगवरचा ताण चुरगळणाऱ्या स्पेसरने धरलेला असतो. नटाची जुनी जागा खुणेने धरून ठेवली नाही आणि परत आवळताना तो पुढे गेला, तर बेअरिंग काही हजार किलोमीटरांत गाऊ लागतात. मिस्त्रीला खूण करायला सांगावं, आणि तो हसला तर दुसरा मिस्त्री शोधावा.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूटही बघायचे होते. दोन्हीकडचे धड. फाटलेला बूट असता तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फटकारे दिसले असते.

पाणी

ऑइलचं गणित जुळल्यावर घेणाऱ्याचा चेहरा खुलला होता. बिलांची फाइल चाळताना तो अडकला: चौदा महिन्यांत तीनदा "कुलंट टॉप-अप, १ लिटर". बाहेर थेंब नाही आणि तीन लिटर पाणी गेलं कुठे?

थंड इंजिनवर हातपंपाने १.१ बार दाब दिला. झाकणावर तोच आकडा छापलेला होता, आणि त्याहून जास्त कधीच द्यायचा नसतो. वीस मिनिटांत सुई १.०५ वर आली. वॉटर पंपाच्या खालच्या गळतीच्या भोकापाशी पांढरट-पोपटी मीठ जमलेलं दिसलं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजल्याचं सांगायला. पण पंपातून इतकं पाणी जात असतं तर खाली थेंब पडले असते. जो थोडा भाग गरम ब्लॉकवर उडून जातो त्याने तीन लिटरांचा हिशेब लागत नाही.

हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात येतो का, हे बघायचं एक निळं रसायन मिळतं. पाण्यावरची हवा त्यातून ओढायची. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो. पेट्रोल इंजिनात तो पिवळा होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरव्यापर्यंतच जातो, कारण डिझेलच्या धुरात हा वायू तुलनेने कमी असतो. निष्क्रिय गतीवर तर फारच कमी. सकाळी उभ्या गाडीवर ही चाचणी केली तेव्हा रंग निळाच राहिला. दलालाने लगेच सर्टिफिकेट दिलं. उभ्या डिझेल इंजिनचा निळा रंग म्हणजे उपाशी पोटी केलेली साखरेची तपासणी, अर्धंच सांगते.

म्हणून पसरणीचा घाट. वाईहून पाचगणी साधारण बारा किलोमीटर, साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ. चार माणसं, एसी चालू, दुसरा-तिसरा गिअर, पाय दाबून. तापमानाचा काटा मधोमध, हललासुद्धा नाही. वर थांबून उष्णता मोजायच्या बंदुकीने रेडिएटर तपासला: वरच्या बाजूला ८८ अंश, कडेला ८० च्या आसपास, आणि खालच्या मधल्या पट्ट्यात ५७. तिथल्या नळ्या तुंबलेल्या. पावडरीने आपली जागा दाखवली.

खाली येऊन साडेदहाला गाडी बंद केली आणि कुणीही हात न लावता दुपारी साडेतीनपर्यंत झाडाखाली ठेवली. पाच तासांनी ब्लॉक हाताला गार. वरची नळी मात्र दाबली तर कडक, फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी. गार झालेल्या निरोगी इंजिनात पाणी आकसतं, नळी मऊ पडते. पाण्यामुळे चढलेला दाब उष्णतेबरोबर उतरतो. उतरला नाही तो दाब गॅसचा. झाकण जेमतेम सैल करताच फुस्स झालं, पाणी बोटभर वर आलं. तेवढ्यात रसायनाची नळी तोंडावर बसवून साचलेली हवा ओढली. सहाव्या दाबाला निळ्याचा हिरवा झाला.

काटा मधोमध होता ते खरंच, कारण बाटलीत पाणी काठोकाठ भरून आणलं होतं. साध्या रस्त्यावर पाचशे-सहाशे किलोमीटर चालवून थोडं पाणी बाहेर ढकललं गेलं की मग चढावर काटा हलणार. मागच्या मालकाने टॉप-अप करून तेच टाळलं होतं. दाब टिकणं पाण्यासाठी किती गरजेचं, तेही इथेच लक्षात घ्यावं: समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं, एक बार जादा दाबाखाली जवळपास १२० ला. दाबाचं झाकण ढिलं पडलं तर ही वीस अंशांची मुभा जाते, आणि घाटात उंचीमुळे आणखी तीन-चार अंश.

गॅस पाण्यात येण्याचं कारण हेड गॅस्केटच असतं असं नाही. ज्या इंजिनात ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) पाण्याने थंड होतो, तिथे तो फुटला तरी असाच गॅस येतो, आणि ते काम हेडच्या तुलनेत फार स्वस्त. त्याच्या पाण्याच्या दोन नळ्या काढून एकमेकींना जोडायच्या, कूलर बाजूला काढायचा आणि तीच चाचणी परत करायची. विकणाऱ्याच्या अंगणात हे करता येत नाही, म्हणून भाव ठरवताना वाईट बाजू धरली.

भाव आणि उघडल्यावर

मिस्त्रीने तिथेच कागदावर आकडे मांडले: हेड उतरवणं, तपासणं, गॅस्केट, नवे बोल्ट, मजुरी मिळून ४० ते ५० हजार, हेडला तडा निघाला तर हे गणितच बदलेल. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नळ्या, कुलंट २२ हजारांच्या आसपास. ऑइलची कामं आठ-दहा हजार. विकणाऱ्यासमोर रसायनाची हिरवी नळी आणि दुधाळ तेलाची वाटी ठेवली. पंधरा हजारांवर अडलेला दलाल गप्प बसला. विकणाऱ्याने स्वतः ती नळी उन्हाकडे धरून बघितली आणि म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं हो." चालवणाऱ्याला हे कळत नाही, हे अगदी शक्य आहे. सौदा ५ लाख ४५ हजारांवर ठरला. लेखी चिठ्ठीत एक वाक्य घालून घेतलं: हेड उघडल्यावर तडा निघाल्यास नव्या हेडची निम्मी किंमत विकणारा देईल, मुदत वीस दिवस.

पुण्यात हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत गॅस्केटवर काजळीची बारीक वाट पडलेली होती. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावल्यावर हेड ०.१२ मिलिमीटर वाकलेलं निघालं. अनेक इंजिनांत ही मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या घरात असते, आपल्या इंजिनचा आकडा कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यावा. गॅस्केटवर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चोपडलेलं. म्हणजे हे हेड आधी एकदा उघडलं होतं, प्लेन (घासून सपाट) न करता तसंच बसवलं होतं, बहुधा जुन्याच बोल्टांवर. ताणून आवळायचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा तेवढा जोर देत नाहीत. दोष गॅस्केटचा नव्हताच. रेडिएटर तुंबला, इंजिन कधीतरी तापलं, हेड वाकलं, आणि वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट घालून दोन वर्षं ढकलली.

गरम पाण्याच्या टाकीत हवा भरून हेडची तपासणी झाली, बुडबुडा आला नाही. तडा नव्हता. हेड प्लेन करताना डिझेलला एक बंधन असतं: पिस्टन वर आल्यावर हेडच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे जास्त धातू काढता येत नाही, आणि काढल्यावर व्हॉल्व्ह किती आत बसलेत ते मोजावं लागतं. अनेक डिझेल इंजिनांत गॅस्केट दोन-तीन जाडींचं मिळतं आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजून जाडी निवडायची असते. लेथवाल्याकडून हेड आलं की दुकानात जे गॅस्केट मिळेल ते घालायचं, या सवयीने बरीच इंजिनं परत उघडावी लागतात.

रेडिएटर साफ करायचा विचार सोडला. पावडर आणि क्षार एकत्र बसलेल्या नळ्या आम्लाने धुतल्या तर अर्ध्या मोकळ्या होतात आणि उरलेल्यांपैकी काही फुटतात. नवाच घातला. इंजिनचे पाण्याचे मार्ग स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट दिशेने धुतले, मग डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे. बोअरचं पाणी परत नको म्हणून सीटखाली दोन लिटरचा तयार मिश्रणाचा कॅन.

मागच्या डिफरन्शियलमधलं दुधाळ तेल काढून स्वस्त तेल घातलं, शंभर किलोमीटर चालवून तेही काढलं, मग जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०. ब्रीदरची टोपी काढून त्या जागी रबरी नळी जोडली आणि ती चासीवरून वर, मागच्या दिव्याच्या उंचीपर्यंत नेली. सगळ्या कामांत सर्वांत स्वस्त काम हेच, दीडशे रुपयांचं. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ब्रीदरची नळी, फिल्टर, पिनियन सील आणि तेलं धरून ९,२०० झाले.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पसरणी, पुन्हा पाच तासांची विश्रांती. नळी बोटांत मऊ. पुठ्ठ्यावर एकच ठिपका, ट्रान्सफर केसच्या जोडाखाली, शेंगदाण्याएवढा. त्याभोवती पेनाने गोल करून तारीख घातली आहे, पुढच्या सर्व्हिसला तुलना करायला.